तापलेल्या तारेचे आयुष्य

मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब किती टिकतो, या प्रश्नाचे उत्तर सहसा महिन्यांत किंवा किलोमीटरमध्ये दिले जाते. परंतु ही दोन्ही मापे फसवी आहेत. गाडी उभी असो वा धावत असो, बल्बचे आयुष्य खर्च होते ते मुख्यतः पेटलेल्या वेळात, आणि त्या वेळात त्याच्या तारेला किती व्होल्टेज मिळाले यावर प्रत्येक तासाचा खर्च कमी-अधिक होतो. त्यामुळे एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या दोन बल्बांपैकी एक चार महिन्यांत जातो आणि दुसरा तीन वर्षे चालतो, तेव्हा दोष बल्बचा आहे असे मानण्याआधी तो ज्या गाडीत बसवला होता त्या गाडीची चौकशी करणे अधिक शहाणपणाचे ठरते. वारंवार जाणारा बल्ब हे बहुधा गाडीतल्या दुसऱ्याच एखाद्या बिघाडाचे लक्षण असते, आणि ते लक्षण वाचता येण्यासारखे असूनही मेलेला बल्ब न पाहताच कचऱ्यात टाकला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

भारतीय रस्त्यांवरील हॅलोजन हेडलाइटच्या मोटारसायकलींत प्रामुख्याने दोन जातींचे बल्ब आढळतात. लहान इंजिनाच्या गाड्यांत ३५/३५ वॅटचा एचएस१, आणि मोठ्या गाड्यांत ६०/५५ वॅटचा एच४. तिरक्या रेघेच्या अलीकडचा आकडा अप्परचा, म्हणजे दूरवर जाणाऱ्या झोताचा, आणि पलीकडचा डिप्परचा, म्हणजे जवळच्या रस्त्यावर पडणाऱ्या खालच्या झोताचा असतो. एकाच काचेत या दोन झोतांसाठी दोन स्वतंत्र तारा असतात. डिप्परच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी बसवलेली असते. ती तारेचा खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडून झोत रस्त्याकडे झुकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे वाचतात. दोन तारा स्वतंत्र असल्यामुळे त्यांची आयुष्येही स्वतंत्र असतात, आणि एक गेली तरी दुसरी पेटत राहते.

उत्पादकांच्या तक्त्यांत बल्बच्या आयुष्याचे दोन आकडे दिलेले असतात. बी३ म्हणजे ज्या तासाला चाचणीतील शंभरापैकी तीन बल्ब गेलेले असतात तो तास, आणि टीसी म्हणजे ज्या तासापर्यंत सुमारे ६३ टक्के बल्ब गेलेले असतात तो तास. सर्वसाधारण हॅलोजन बल्बांच्या बाबतीत हे आकडे शंभर-दोनशे तासांपासून हजारभर तासांच्या आसपास फिरतात. मात्र ही मोजणी १३.२ व्होल्टवर, प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत झालेली असते. ‘बारा व्होल्टचा बल्ब’ हे केवळ नाव आहे, कारण इंजिन चालू असताना गाडीतील व्होल्टेज साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असते. शिवाय गटाचा आकडा एकट्या बल्बला लागू करता येत नाही. बी३ची व्याख्याच सांगते की काही बल्ब कोणाचीही चूक नसताना लवकर जाणारच.

तार मुळात का तुटते, हे समजण्यासाठी टंगस्टन या धातूकडे वळावे लागते. टंगस्टनचा द्रवणांक सुमारे ३४२० अंश सेल्सिअस, म्हणजे सर्व धातूंमध्ये सर्वाधिक आहे, आणि हॅलोजन बल्बची तार पेटलेली असताना तिचे तापमान २८०० ते २९०० अंशांच्या घरात असते. इतक्या तापलेल्या धातूच्या पृष्ठभागावरून अणू सतत सुटत राहतात. तार वितळण्याआधीच तिचे हळूहळू बाष्पीभवन होत असते. साध्या बल्बमध्ये हे अणू थंड काचेवर जाऊन बसतात आणि काच आतून काळी पडत जाते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१३च्या सुमारास दाखवून दिले की काचेत निर्वात पोकळीऐवजी निष्क्रिय वायू भरला, तर त्या वायूच्या गर्दीमुळे बाष्पीभवन मंदावते. त्याच कंपनीत १९५९ साली हॅलोजन बल्ब पेटंटपर्यंत पोहोचला, आणि युरोपातील मोटारींच्या दिव्यांत तो १९६०च्या दशकात आला. दोन तारांचा एच४ १९७१चा.

हॅलोजन बल्बमध्ये निष्क्रिय वायूसोबत आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारख्या हॅलोजन गटातील मूलद्रव्याचा अत्यल्प अंश भरलेला असतो. तारेवरून सुटलेला टंगस्टनचा अणू काचेजवळ पोहोचला की या मूलद्रव्याशी त्याचा संयोग होतो, तयार झालेले संयुग काचेवर न चिकटता वायुरूपातच फिरत राहते, आणि तापलेल्या तारेजवळ आल्यावर उष्णतेने फुटून टंगस्टन पुन्हा तारेवर जमा करते. या चक्रासाठी काचेचे तापमान २५० अंशांच्या वर राहावे लागते. म्हणूनच हॅलोजन बल्बची काच लहान, तारेच्या जवळ आणि क्वार्ट्झची किंवा कणखर उष्णतारोधक काचेची असते. आतला दाबही वातावरणाच्या कित्येक पट असतो. तथापि या चक्राविषयी एक गैरसमज रूढ आहे, तो असा की त्यामुळे तार आपली आपणच दुरुस्त होते. प्रत्यक्षात परतलेला टंगस्टन जिथून सुटला तिथेच बसत नाही. तो तारेच्या तुलनेने थंड भागांवर अधिक बसतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते, प्रकाश शेवटपर्यंत जवळपास तेवढाच मिळतो, परंतु तारेवरचा कच्चा ठिपका कच्चाच राहतो.

हा कच्चा ठिपकाच बल्बचा अंत घडवतो. तार जिथे किंचित बारीक असते, तिथे तिचा विद्युतरोध जास्त असतो. तोच प्रवाह तिथून जाताना अधिक उष्णता निर्माण होते, तो भाग शेजारच्या भागापेक्षा अधिक तापतो, तेथील बाष्पीभवन वाढते आणि तो आणखी बारीक होतो. ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला वेग देत जाते, म्हणून बल्बच्या आयुष्याचा बहुतेक काळ काहीच घडत नसल्यासारखा जातो आणि अखेर एकाएकी येते. दिवा लावताक्षणीच तो जाण्याचे प्रसंग अधिक का दिसतात, याचेही कारण यातच आहे. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो; त्यामुळे बटण दाबल्यावर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह धावतो आणि बारीक झालेला ठिपका उरलेल्या तारेच्या आधी प्रमाणाबाहेर तापून वितळतो. धडधाकट तार हा धक्का हजारो वेळा सोसते. जी तार चालू करताना तुटली, ती त्यापूर्वीच मरणपंथाला लागलेली होती. म्हणून दिवा वारंवार चालू-बंद केल्याने बल्ब जातो, ही समजूत अर्धीच खरी म्हणावी लागते.

व्होल्टेजचा प्रश्न मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्यातील गणित पाहिल्याशिवाय त्याची तीव्रता ध्यानात येत नाही. तारेच्या दिव्यांसाठी मान्य असलेल्या स्थूल नियमानुसार प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो, तर आयुष्य सुमारे १२ ते १३ व्या घाताच्या प्रमाणात घटते. व्यवहारात याचा अर्थ असा की १३.२ व्होल्टवर जे आयुष्य छापलेले आहे, ते व्होल्टेज पाच टक्के वाढताच जवळजवळ निम्मे होते; १४.४ व्होल्टला ते सुमारे एक तृतीयांश उरते, आणि १५ व्होल्टला एक पंचमांश. त्या बदल्यात १४.४ व्होल्टला प्रकाश मिळतो तो सुमारे एक तृतीयांश अधिक. पाचशे तासांच्या बल्बचे आयुष्य दीडशे तासांवर आणायला चार्जिंगमधील सव्वा व्होल्टचा फरक पुरतो, आणि हा फरक चालवणाऱ्याला बल्ब जाईपर्यंत जाणवतही नाही. उलट दिवा छान उजळतो म्हणून तो समाधानी असतो.

मोटारसायकलमध्ये हे व्होल्टेज आवरण्याचे काम रेग्युलेटर-रेक्टिफायर करतो, ज्याला गॅरेजमध्ये आरआर युनिट म्हणतात. इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकांमुळे स्थिर गुंडाळीत वीज निर्माण होते; इंजिनाचे फेरे वाढले की ती वाढते, आणि आवर घातला नाही तर बल्ब सोसणार नाही इतकी वाढते. बहुतेक गाड्यांत हे युनिट जास्तीची वीज अर्थकडे वळवून उष्णतेत घालवते, म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतात आणि त्यांना वारा लागावा लागतो. त्या पाकळ्यांत चिखल भरला, युनिटची अर्थिंग गंजली किंवा कपलरच्या पिना हिरव्या पडल्या, तर त्याचे काम ढासळते. काही गाड्यांत हे युनिट एका वेगळ्या तारेने बॅटरीचे व्होल्टेज पाहत असते. ती तार गंजली तर त्याला व्होल्टेज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते आणि ते चुकीने अधिक वीज सोडते. बॅटरीचे टर्मिनल सैल असणे हेही तितकेच घातक आहे, कारण बॅटरी व्होल्टेजचे चढ-उतार पोटात घेते आणि तिचा संपर्क क्षणभर तुटला की तो उसळलेला झटका थेट दिव्यांवर येतो.

कमी किमतीच्या अनेक गाड्यांत दीर्घकाळ हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट गुंडाळीच्या एसी विजेवर चालत असे. सिग्नलला उभे राहिले की दिवा मंदावतो आणि ॲक्सिलरेटर पिळला की उजळतो, हा अनुभव त्याच रचनेचा. त्याहून जुन्या, रेग्युलेटर नसलेल्या स्कूटरी आणि टू-स्ट्रोक गाड्यांत तर दिव्यांचा एकूण भार हाच व्होल्टेजचा लगाम असे: सर्व बल्ब पेटलेले असले तरच प्रत्येकाला योग्य तेवढी वीज मिळे. त्यामुळे हेडलाइट गेला की पाठोपाठ टेललाइट आणि मीटरमधला बल्बही उडत असे, आणि एका बल्बच्या जागी तीन आणावे लागत.

याच्या उलट टोकाचा दोष सहसा कोणी दोष मानतच नाही. हँडलवरच्या स्विचचे घासलेले संपर्क, बारीक वायर आणि गंजलेली अर्थिंग यांत मिळून एक व्होल्ट वाया गेला, तर बल्बला १३.२ ऐवजी १२.२ व्होल्ट मिळतात. प्रकाश जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो आणि आयुष्य अडीच-तीन पट वाढते. पाच-सहा वर्षे न गेलेल्या बल्बचे कौतुक करणाऱ्या मालकाची गाडी रात्री रस्ता नीट दाखवत नसण्याची शक्यता म्हणूनच बरीच असते. जाड वायर आणि रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा विजेवर चालणारा स्विच, बसवल्यास हा गमावलेला प्रकाश परत मिळतो. बल्ब मात्र पूर्वीपेक्षा लवकर जाईल, आणि तो व्यवहार फायद्याचाच आहे.

मोटारीच्या तुलनेत मोटारसायकलच्या बल्बला जो जादा जाच सोसावा लागतो, तो हादऱ्यांचा. एकसिलिंडर इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असते तेव्हा सेकंदाला सुमारे ८३ कंपने सांगाड्यात उतरतात, आणि त्यांत खड्ड्यांचे धक्के मिसळतात. दीर्घकाळ तापलेल्या टंगस्टनचे स्फटिक मोठे होत जातात. असा धातू पेटलेला असताना मऊ असतो आणि स्वतःच्या वजनाने लोंबू पाहतो, तर थंड असताना काचेसारखा ठिसूळ असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच टंगस्टनमध्ये पोटॅशियमचा सूक्ष्म अंश मिसळून तारेचे लोंबणे रोखण्याची युक्ती सापडली होती, आणि आजच्या बल्बांतील तारही त्याच जातीची असते. तरीही हेडलाइटच्या घराचे रबर बुश कडक झाले, एखादा स्क्रू सैल राहिला किंवा होल्डरमधली क्लिप ढिली पडली, तर कंपने तारेपर्यंत पोहोचताना वाढतात. जी तार व्होल्टेजने शंभर तासांत गेली नसती, ती हादऱ्यांनी जाते.

बल्बच्या वापरात सर्वांत मोठा बदल घडवला तो कायद्याने. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीच्या शिफारशीनंतर भारतात १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींना इंजिन सुरू होताच दिवा आपोआप पेटण्याची सोय बंधनकारक झाली आणि हँडलवरचे दिवा बंद करण्याचे बटण गेले. दिवसाही दुचाकी लांबून दिसावी, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. परंतु त्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. रोज दीड तास गाडी चालवणाऱ्याचा दिवा पूर्वी त्यातला अर्धा तासच पेटत असेल, तर वर्षाच्या ३०० दिवसांत बल्बचे १५० तास खर्च होत. आता तेच ४५० होतात. पूर्वी तीन वर्षे टिकणारा बल्ब वर्षभरात जाऊ लागला, तर त्यात बल्बचा दर्जा घसरल्याचा पुरावा नाही. आणि दिवसभर पेटते ती मुख्यतः डिप्परची तार, म्हणून तीच आधी जाते.

बसवतानाच्या चुकांपैकी एकीचा उल्लेख आवश्यक आहे. क्वार्ट्झच्या काचेवर बोटाचा घाम आणि तेल लागले, तर त्यातील सोडियमचे क्षार तापलेल्या काचेत शिरतात, त्या जागी काचेची रचना बदलून ती पांढुरकी व कमकुवत होते आणि आतल्या दाबाने फुगते किंवा तडकते. बल्ब नेहमी धातूच्या बैठकीला धरावा, आणि बोट लागलेच तर काच स्पिरिटने पुसून कोरडी करावी. मागचे रबरी कव्हर नीट न बसवल्यास पावसाळ्यात आत शिरलेला पाण्याचा थेंबही तापलेली काच तडकवू शकतो. कोकणातील खारट दमट हवेत तर कपलरच्या पिनाच आधी खराब होतात, म्हणून तिथे बल्बपेक्षा कपलरकडे अधिक लक्ष हवे.

मेलेला बल्ब उजेडात धरून पाहिला तर तो बरेच सांगतो. तुटलेल्या तारेच्या टोकांना वितळलेल्या धातूचे गोल मणी दिसले, तर तार पेटलेली असताना तुटली: वय झाले असेल किंवा व्होल्टेज चढले असेल, आणि बल्ब नवा असेल तर संशय रेग्युलेटरवर जातो. तार चकचकीत, आकाराने शाबूत आणि एका ठिकाणी स्वच्छ मोडलेली असेल, टोकांना मणी नसतील, तर ती बहुधा थंड असताना धक्क्याने तुटली. काचेच्या आत पिवळट-पांढरी पूड पसरलेली असेल, तर हवा आत शिरून टंगस्टनचे ऑक्साइड झाले, म्हणजे काच कुठेतरी तडकली आहे. काच फुगलेली असेल, तर स्पर्शाचा डाग किंवा अतिउष्णता. काच काळवंडलेली असेल, तर हॅलोजनचे चक्र नीट चालले नव्हते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि गॅरेजमध्ये ती क्वचितच होते.

अधिक प्रकाशाच्या हव्यासाने १००/९० वॅटचे बल्ब बसवण्याची प्रथा सर्वथा त्याज्य आहे. ३५ किंवा ६० वॅटसाठी आखलेली वायर, होल्डर आणि स्विच हा भार सोसू शकत नाहीत. होल्डरचे प्लास्टिक वितळते, रिफ्लेक्टरचा मुलामा जळतो, लहान गाडीची बॅटरी उतरते, आणि समोरच्याला दिसेनासे होते ते वेगळेच. निळसर काचेच्या बल्बांविषयी इतकेच पुरे की निळा थर तारेचा काही प्रकाश गिळतो, ती तूट भरून काढण्यासाठी तार अधिक तापवावी लागते आणि आयुष्य तेवढे घटते. बल्ब जितका पांढरा, तितका अल्पायुषी, हा हॅलोजनपुरता भरवशाचा नियम आहे.

आता नव्या गाड्यांत एलईडी दिवे येत आहेत. एलईडीत तुटणारी तार नाही. तिचा प्रकाश हळूहळू मंदावतो, आणि मूळ प्रकाशाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हे तिचे आयुष्य मानतात, जे चांगल्या रचनेत हजारो तासांचे असते. पण एलईडीला प्रवाह पुरवणारे सर्किट उष्णता, ओलावा आणि व्होल्टेजचे झटके यांनी आधी बिघडते, आणि तसे झाल्यास अनेक गाड्यांत संपूर्ण हेडलाइट बदलावा लागतो. हॅलोजनसाठी आखलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबणे तर अयोग्यच, कारण प्रकाशाचा उगम तारेच्या नेमक्या जागी येत नाही आणि डिप्परचा झोत विस्कटतो.

ज्याच्या गाडीचा बल्ब वर्षात दोनदा गेला, त्याने तिसरा घेण्याआधी मल्टिमीटरने दोन मोजमापे घ्यावीत. इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहावे, ते १४.८च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर आणि त्याची जोडणी तपासावी. नंतर दिवा पेटलेला असताना बल्बच्या कपलरवरचे व्होल्टेज पाहावे; बॅटरीपेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असेल, तर वायर, स्विच आणि अर्थिंग साफ करावी. दिवा थेट एसीवर चालणारा असेल, तर कपलरवरचे माप मीटर एसीवर ठेवून घ्यावे. आणि डिप्परची तार गेली म्हणून अप्परवर गाडी चालवत राहू नये. समोरून येणाऱ्याला त्या झोतात रस्ता दिसत नाही, तेव्हा बल्ब त्याच दिवशी बदलावा.